जुनं पॅकिंग

आमच्या घरात गाडीचं तेल बदलायचं काम माझं होतं. आजवर हे ज्याला ज्याला सांगितलं तो हसला. सासरी इंदापूरला तर जावांनी तोंडाला पदर लावला होता, म्हणे पोरीबाळी कधी गाडीखाली शिरतात का! शिरतात. मी शिरायचे. परकर खोचून, केसांना फडकं बांधून, गोणपाट अंथरून मी गाडीखाली उताणी पडायचे आणि इंजिनाच्या पोटातल्या चेंबरचा बूच पान्यानं सैल करायचे. गरम काळी धार घमेल्यात पडायला लागली की तिचा आवाज आधी जाड असायचा, मग बारीक होत जायचा, आणि शेवटी नुसते थेंब. ते थेंब थांबेपर्यंत उठायचं नाही अशी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ताकीद होती. उठले की आई माझे हात नाकाशी नेऊन म्हणायची, "ह्या हातानं भाकरी थापलीस तर कुत्रं बी खाणार न्हाय." आणि मग तीच राखेनं माझे हात घासून द्यायची.

गाडी लढाईतली होती. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली ती पिकअप आबांनी पुण्याहून आणली. तिला निळा रंग दिला होता, पण खरवडलं की खालून लष्करी हिरवा डोकावायचा. आमचं रान वडगाव निंबाळकरला, कालव्याच्या पाण्याखालचं. वांगी, टोमॅटो, कोथिंबीर, बांधाला पेरू. पहाटे माल भरून दादा, माझा थोरला भाऊ, बारामतीच्या बाजाराला निघायचा. हँडल मारल्यावर गाडी आधी दोनदा खोकायची आणि मग एकदम धडधडायला लागायची, तेव्हा गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहायची. घरातल्या सगळ्यांची सकाळ त्या धडधडीनं व्हायची. तेलाचा दाब दाखवणारा काटा समोर होता, पण तो गाडी आली तेव्हापासूनच मेलेला. आबा म्हणायचे, काट्याचं काय करायचंय, वेळच्या वेळी तेल बदललं की झालं.

तेल बदलणं सोपं. अवघड होता तो फिल्टर. इंजिनाच्या बगलेला, पार आत, एक उभा लोखंडी डबा होता. त्यात तेल गाळायचं काट्रिज बसायचं. आबा त्याला काडतूस म्हणायचे. डबा अशा अडचणीत होता की आबांचा किंवा दादाचा हात तिथं गेला की कातडं सोलून यायचा. माझा हात मात्र कोपरापर्यंत जायचा. म्हणून ते काम माझ्याकडं आलं, दुसरं काही कारण नाही. उगीच कौतुक नको. वरचं टोपण काढायचं, जुनं काडतूस उचलायचं, डबा रॉकेलनं पुसायचा, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. डब्याच्या काठाला एक खाच होती, त्या खाचेत रबराचं गोल पॅकिंग. जुनं पॅकिंग तापून तापून असं चिकटतं की लोखंडच वाटतं. रंग काळा, हाताला गुळगुळीत. ते नखानं मागच्या बाजूनं उकरायचं, आणि ते हातात आलं की मगच नवं घालायचं. एकावर एक दोन बसली तर वरचं नीट बसत नाही. उभ्या गाडीत कळत नाही. गाडी पळायला लागली, इंजिन तापलं, की सरकतं आणि तेल बाहेर. बारामतीचे मिस्त्री हे आबांना समजावून सांगत होते तेव्हा मी शेजारी पेरू खात उभी होते. आबा विसरले, मी विसरले नाही.

आता माझ्या नातवाची गाडी दुरुस्तीला जाते तेव्हा त्याला मोबाइलवर निरोप येतो, तुमची गाडी तयार आहे. मी विचारते, जुनं पॅकिंग काढलं का बघितलंस? तो म्हणतो, आज्जी, ते मशीन करतं सगळं. असेल बाबा. माझा जीव काही थाऱ्यावर येत नाही.

वैनी आमच्या घरात आली ती पळसदेवची. शेवंता तिचं नाव. भीमेच्या काठची पोर, पोहायला पटाईत, तिला आमच्या कालव्याचं हसू यायचं. "ह्याला काय नदी म्हणायचं? गोठ्यातली मोरी हाय ही," म्हणायची. मासळीवर तिचा भारी जीव. दुपारी आई लवंडली की आम्ही दोघी जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन कालव्याच्या पोटचारीला जायचो, बोटाएवढे मासे धरायचो आणि चुलीच्या मागच्या बाजूला तव्यावर मीठ-तिखटात परतून खायचो. वास आला की आई झोपेतून ओरडायची, "काय जाळताय गं?" वैनी सांगायची, "काय न्हाय आत्याबाई, मिरची." ते पळसदेव आता उजनीच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं आणि लोक होड्या करून बघायला जातात. मला मुलं म्हणतात चल. मी जात नाही. त्या देवळामागच्या आळीत तिचं घर होतं, तिथं मला नेऊन मुरमुरे नि गूळ देणारी तिची आई होती.

गाडीला वैनी सवत म्हणायची. दादा जेवायला उशीर करू लागला की दारातून हाक मारायची, "इंदू, माझ्या सवतीची न्हाणी झाली का? झाली असंल तर नवरा सोड म्हणावं." दादा लाजून लाल व्हायचा. आबा समोर असले तर तोंड फिरवून हसायचे. तिच्या पोटात बाळ राहिलं तेव्हा ती गाडीच्या पुढच्या फळीवर थाप मारून म्हणाली होती, "आता बघू कोण जिंकतं." दसरा झाला की पहिलटकरणीला माहेरी न्यायचं ठरलं होतं. गाडीनंच न्यायचं, पार पळसदेवपर्यंत. रस्ता लांबचा, म्हणून आबांनी सांगितलं, दसऱ्याच्या आत तेल नि काडतूस बदलून घ्या.

नवरात्रात आमच्या घराचा वासच बदलायचा. देवघरात घट बसलेले, मातीत धान कोंब धरायचं, समई अखंड. घटावर बांधायला आई कडाकण्या तळायची, त्या तव्यासारख्या कडक व्हायच्या आणि उतरवल्यावर आम्ही त्या दुधात बुडवून खायचो. सकाळ-संध्याकाळ संबळ घेऊन गोंधळी येऊन जायचे. आई नऊ दिवस उपाशी, चेहरा ओढलेला, पण तिचा आवाज त्या दिवसांत चढा असायचा. एरवी आमच्याकडं विटाळाचं फार कडक नव्हतं. रानातल्या घरात ते परवडत नाही. बाजूला बसलेली बाई खुरपायला कोण पाठवणार नाही? पण घट बसले की मात्र आईचा कायदा. बाजूला बसलेल्या बाईनं गोठ्याच्या पडवीत राहायचं, अंगणातसुद्धा पाय टाकायचा नाही, तिची सावली देवाच्या वस्तूवर पडता कामा नये.

अष्टमीला सकाळी मी तेल काढलं, बूच परत आवळला. फिल्टरचं जुनं काडतूसही काढलं, डबा पुसला, आणि धूळ जाऊ नये म्हणून टोपण परत नुसतं वर ठेवलं. जुनं पॅकिंग खाचेतच होतं. नवं हातात येईपर्यंत ते काढत नसतात, नाहीतर काठावर कचरा बसतो. नवं काडतूस आणायला दादा एस.टी.नं बारामतीला गेला होता. तो यायच्या आत दुपारी मी बाजूला बसले. नशीबच म्हणायचं दुसरं काय. पडवीत गोधडी टाकली, आईनं लांबून ताट सरकवलं. संध्याकाळी दादा खोकं घेऊन आला, मला पडवीत बघून म्हणाला, "आता गं?" आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. उद्या खंडेनवमी, हत्यारं पुजायची. तिचे दिवस झाले की ती करंल. गाडी काय पळून चाललीय?"

खंडेनवमीला सकाळी पाटावर हत्यारं मांडली. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, खुरपी, विळे, आणि त्यांच्याच शेजारी गाडीचे पाने, नव्या तेलाचा डबा, काडतुसाचं खोकं. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची फुलं. गाडीच्या बॉनेटवर माळ. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. आबांनी उभ्या आयुष्यात ते उचललं नव्हतं. वैनी अवजड पोटानं उंबऱ्यात बसून झेंडू ओवत होती. पडवीकडं बघून मला म्हणाली, "इंदू, सवत नटली बघ, आणि पोटात तेलाचा थेंब न्हाय. अशीच असती बघ ही." मी हसले. ते तिचं शेवटचं धड बोलणं.

दुपारी पुरणाचा वास सुटला होता आणि आतून वैनीची किंकाळी आली. दिवस भरायला अवकाश होता. आई धावली, मग बाहेर आली ती तिच्या लुगड्याला रक्त. सुईण आणली. ती आत गेली आणि लगेच परत आली, आणि आबांना म्हणाली, "आबा, हे माझ्या हातचं न्हाय. आडवं हाय आणि लई जातंय. बारामतीला न्या. आत्ता." बैलगाडीनं बारामती गाठेपर्यंत दिवस मावळला असता. दादा देवघराच्या दारात उभा राहिला. त्याला आत शिरवेना. तो फक्त म्हणाला, "आबा." आबांनी पाटाकडं बघितलं, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, "आई, चुकलं-माकलं पदरात घे," म्हणाले आणि स्वतः वाकून पाने उचलले. फुलं खाली पडली. तेलाचा डबा, खोकं, सगळं त्यांनी दादाच्या हातात दिलं. "कर. लवकर कर."

मी पडवीच्या कडेला येऊन उभी होते. मला वाटलं आता मला हाक येणार. हत्यारांचा नियम आबांनी मोडला होता ना, मग! हाक आली नाही. दादानं बॉनेट उघडलं, टोपण काढलं, काडतूस आत सोडलं. त्याच्या बोटांची सालं निघालेली मला तिथून दिसत होती. खोक्यातून त्यानं नवं पॅकिंग काढलं.

"दादा, जुनं काढ आधी!" मी ओरडले. "खाचेत हाय ते. मागनं नख घाल."

त्यानं हात आत घातला, अर्धाच गेला. "साफ हाय," म्हणाला.

"साफ न्हाय! जुनं कुठाय मग? दाखव मला!"

खाली धुरळ्यात काहीच पडलेलं नव्हतं. काढलं असतं तर पडलं असतं. एवढी साधी गोष्ट. मी पडवीतून एक पाय खाली टाकला, आणि आई दोन्ही हात पसरून माझ्यासमोर. कुठून आली कळलंही नाही. डोळे लाल, केस सुटलेले. "मागं हो! पुजलेल्या हत्याराला तुझा विटाळ झाला तर तिच्या जिवावर बेतंल. तोंडबी घालू नको तिकडं. माझी सून मरती आत, इंदे, मागं हो!"

"आई, ते पॅकिंग…"

"गप!"

आबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "आबा, तुमी तरी सांगा त्याला." आतून वैनी पुन्हा ओरडली. आबांची मान खाली गेली आणि दादा म्हणाला, "बसलं, बसलं," आणि त्यानं टोपणाचा नट आवळला. मला आजही लोक विचारतात, माझी मुलगीच विचारते, तू आईला ढकलून गेली का नाहीस? आई मला सांगत होती की मी हात लावला तर वैनी मरेल. माझी आई, जिनं माझे हात रोज राखेनं घासले होते, तिचा त्यावर खरा विश्वास होता, आणि तिचा चेहरा बघून त्या क्षणी माझाही बसला. मला त्याची लाज वाटत नाही. राग येतो. अजून येतो.

तेल ओतलं. हँडल मारलं. गाडी खोकली आणि धडधडली. मागच्या भागात गादी टाकून वैनीला निजवलं, शेजारी आई आणि सुईण, पुढं आबा. उभ्या गाडीत खाली थेंब पडला नाही, मी डोळे फाडून बघत होते. मला क्षणभर वाटलं, असेल बाई, काढलं असेल त्यानं. माळ घातलेली गाडी अंगणाबाहेर गेली, वळली, धुरळा बसला. आणि मग सारवलेल्या अंगणावर, जिथं ती वळली तिथं, मला एक ओली रेघ दिसली. नवं तेल मधासारखं स्वच्छ असतं. दारातून रस्त्यापर्यंत बारीक रेघ, पुढं जरा जाड.

मी अंगणात उतरले. कुणी नव्हतंच अडवायला. अष्टमीला काढलेलं जुनं तेल डब्यात भरून ठेवलं होतं, बैलगाडीच्या कण्याला नि चौकटींच्या वाळवीला लागतं म्हणून. तो डबा उचलला आणि रेघेमागं पळत सुटले. कालव्याच्या कडेनं रस्ता. डबा मांडीवर आपटून तेल परकरावर सांडत होतं. कुणाच्या तरी वस्तीवर हलगी वाजत होती. जागोजागी गाड्या उभ्या, बैलगाड्या, एक ट्रॅक्टर, सगळ्यांच्या गळ्यात माळा. त्या दिवशी कुणाचंच चाक हलत नव्हतं. एका वस्तीपुढं म्हातारा ओट्यावर बसला होता, त्याला ओरडून सांगितलं, "आमची गाडी गेली का इथनं? बैल जुंपा, वैनी हाय आत!" तो उठून उभा राहिला, एवढंच बघितलं. रेघ जाड होत गेली, मग बारीक झाली, मग नुसते थेंब. घमेल्यात पडतात तसे. मग थेंबही संपले. मला समजलं.

पुलाच्या अलीकडं, कडुनिंबाखाली गाडी उभी होती. दादा हँडलवर लोंबकळत होता आणि हँडल तसूभर हलत नव्हतं. इंजिन धरलं होतं. बॉनेटमधून जळका धूर येत होता, माळ अजून तशीच. डबा खाली ठेवून मी म्हटलं, "आता न्हाय फिरायचं ते." दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. आबा रस्त्याच्या मध्ये उभे होते, दोन्ही बाजूंना बघत. येणारं कुणी नव्हतं. दुपारची एस.टी. कधीच गेली होती.

मी मागं चढले. आई किंचाळली, "शिवू नको तिला!" पण वैनीनंच हात पुढं केला. तिचा हात गार पडला होता. माझ्या परकरावरचं तेल तिच्या बोटांना लागलं. तिनं माझ्याकडं बघून ओठ हलवले, मी कान जवळ नेला. "इंदू," म्हणाली, "सवतीनं दावा साधला बघ." तिच्या चेहऱ्यावर हसू होतं असं मी सांगणार नाही. नव्हतं. ती घाबरली होती, फार घाबरली होती, आणि तरी तिला तेच सुचलं. नंतर तिनं फक्त पाणी मागितलं. मी कालव्यातनं ओंजळीत आणलं, ते तिच्या तोंडात गेलं की नाही मला सांगता येत नाही. वस्तीवरचा तो म्हातारा माळ काढून बैल जुंपून घेऊन आला, भला माणूस. तोवर ती गेली होती. बाळही तिच्या आतच.

दिवस झाले. घरात सगळे एकमेकांना चुकवून वावरत होते. आई मात्र आल्यागेल्याला सांगायची, आणि रडत सांगायची, म्हणून लोकांना ते पटायचं. हिनं पुजलेल्या हत्यारांवर तोंड टाकलं. मग त्या अवस्थेत तिला शिवली. शिवली आणि ती गेली. माझ्या समोर सांगायची. पळसदेवहून वैनीची आई आली होती, मुरमुरे-गूळ देणारी, तीही माझ्याकडं बघून पदर सावरून दुसरीकडं बसली. मी कुणाशी भांडले नाही. आधी मला पुरावा पाहिजे होता.

तेराव्यानंतर गाडी बैलांनी ओढत अंगणात आणली. दादा रानात गेल्यावर मी बॉनेट उघडलं, टोपण काढलं आणि हात आत घातला. वरचं पॅकिंग एका बाजूला वळून फाटलं होतं. त्याच्या खाली, खाचेत, जुनं. नख घालून मागच्या बाजूनं उकरलं, निघालं. दोन्ही तळहातावर घेऊन मी बांधावर गेले. दादा वांग्यांना पाणी लावत होता. मी हात पुढं केला. त्यानं बघितलं. पाणी दुसऱ्या सरीत फुटून चाललं होतं तरी तो हलला नाही. मग तो खाली बसला, चिखलात, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "माझा हात आत जात नव्हता गं," म्हणाला. "ती ओरडत होती आणि माझा हात आत जात नव्हता."

मीही रडले. त्याच्यावर माझा राग नव्हता, खरंच नव्हता. त्यानं ती दोन्ही पॅकिंगं माझ्या हातातून घेतली, सदऱ्याच्या खिशात घातली. "आईला तू नको सांगू. तिला वाटंल तू माझ्यावर ढकलतीस. मी सांगीन."

"सांगशील ना?"

"सांगीन. जरा दिवस जाऊ दे."

मी वाट बघितली. दिवाळी गेली, गाडीला बारामतीहून दुसरं इंजिन आलं, ती पुन्हा सकाळी खोकून धडधडायला लागली. तेल आता दादाच बदलायचा, मिस्त्रीकडं नेऊन. आई मला चुलीपाशी येऊ द्यायची, पण देवघरात नाही. आबा एकदा म्हणाले, "पोरी, मनाला लावून घेऊ नको." त्यांना माहीत होतं का? मला वाटतं होतं. आसपासच्या गावांत माझी सोयरीक जमेना, कारण गोष्ट पसरली होती. डाळजच्या एका घरानं नारळ घेऊन परत पाठवला. शेवटी इंदापूरच्या कचेरीत कारकून असलेल्या माणसाशी माझं लग्न झालं. त्यांना मी पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तेल गेल्यावर इंजिन धरणारच." त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्याशी चांगली वागले, बाकी त्यांचाही स्वभाव तापटच होता. दादाचं दुसरं लग्न झालं, मुलं झाली. माहेरी गेले की मी त्याच्याकडं बघायचे आणि तो मुलांना हाका मारायचा. आबा गेले. कधी मी विचारलं, "सांगितलंस का?" तो म्हणायचा, "तब्येत बरी न्हाय तिची. सांगतो." पुढं मी विचारायचं सोडलं.

आईच्या शेवटच्या आजारपणात मी महिनाभर वडगावला राहिले. माझेच केस पांढरे झाले होते, नातवंडं होती मला. आई खाटेवर, अंगात काही उरलं नव्हतं, माणसं ओळखायची कधी, कधी नाही. मला मात्र बरोबर ओळखायची. त्या दिवशी दुपारी तिच्या घशाला कोरड पडली, पाणी पाणी करत होती. दादा उंबऱ्याशी बसला होता. मी फुलपात्र भरून तिच्या ओठांना लावायला गेले, तर तिनं मान वळवली, हात मध्ये धरला आणि क्षीण आवाजात विचारलं, "तू बाजूला न्हाईस ना, इंदे?"

मी दादाकडं पाहिलं. आता कुणालाच काही धोका नव्हता, ना तिच्या तब्येतीला, ना त्याच्या संसाराला. तिथं आम्ही तिघंच होतो. त्यानं माझी नजर धरली, तोंड उघडलं. मग तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, पायात चपला सरकवल्या आणि अंगणात गेला.

"न्हाय आई," मी म्हटलं. "पी."